हिवाळ्यात समुद्रात कोणती ‘माशी’ टाकावी? खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंग, मुंबईच्या किनाऱ्यावरून

डिसेंबर उजाडला आणि पावसाळ्यात खवळलेला समुद्र पुरता निवला, की गोराईच्या पुळणीवर किंवा वांद्र्याच्या किल्ल्याखालच्या खडकांवर सकाळी एखादा माणूस चमत्कारिक हातवारे करताना दिसतो. त्याच्या हातात लांब, लवचिक काठी असते, काठीच्या टोकापासून पोपटी किंवा नारिंगी रंगाची जाड दोरी हवेत लहरत असते, आणि पाण्यात काही पडण्याआधी ती दोरी तीन-चार वेळा त्याच्या डोक्यावरून पुढे-मागे जाते. फिरायला आलेली मंडळी थांबून पाहतात. ‘पतंग उडवतोय की काय?’ हा प्रश्न मी इतरांबद्दल दोनदा ऐकला आहे आणि एकदा तो मलाच विचारला गेला आहे. हा प्रकार म्हणजे खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंग. मोबाइलवरील चित्रफितींमुळे त्याचे नाव अलीकडे पुष्कळांच्या कानावर गेले आहे. पण त्या चित्रफिती बहुतेक परदेशी असल्यामुळे त्यांतील सल्ला आपल्या पाण्यात कितपत चालतो, याचा उलगडा होत नाही. हिवाळ्याबाबत तर तो सल्ला मुंबईकराची सरळ दिशाभूल करतो, असे माझे मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठी आधी या खेळाची मुळाक्षरे गिरवावी लागतील.

गोफण आणि आसूड

गळाने मासे धरणे, म्हणजे कोकणात ज्याला गरवणे म्हणतात ते, आपल्याला नवे नाही. नेहमीच्या गळात दोरी हलकी असते आणि तिच्या टोकाला शिशाचे वजन किंवा जड आमिष असते; ते वजन फेकले की दोरी त्याच्यामागून निमूटपणे जाते. हे तत्त्व गोफणीचे आहे. फ्लाय फिशिंगमध्ये गणित नेमके उलटे होते. टोकाला जे बांधलेले असते ते पिसे आणि केस यांचे, बहुधा एक-दोन ग्रॅमचेही नसलेले काहीतरी असते, आणि पीस कितीही जोराने भिरकावले तरी ते दोन हातांपलीकडे जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते. पोतराजाचा आसूड आठवा: मुठीकडे जाड, टोकाकडे निमुळता होत गेलेला. मनगटाने दिलेला जोर त्या निमुळत्या अंगातून वाहत शेवटच्या बारीक टोकापर्यंत पोहोचतो आणि तिथे कडाडतो. फ्लायची दोरी अशीच घडवलेली असते. फरक एवढाच की तिने कडाडायचे नसते, तर हवेत अलगद उलगडून टोकाचे पीस पाण्यावर ठेवायचे असते. ती कडाडली, तर टाकणाऱ्याची चूक झाली असे समजावे.

या जाड दोरीला ‘लाइन’ म्हणतात. ती साधारण 27 ते 30 मीटर लांब असते आणि तिच्यामागे रिळावर बारीक पण मजबूत दोरा गुंडाळलेला असतो, जो एखादा मोठा मासा दूर पळाला तरच बाहेर येतो. लाइन आणि फ्लाय यांच्यामध्ये एक ते तीन मीटरचा पारदर्शक तंगूस असतो. त्याला ‘लीडर’ म्हणतात. लाइनला क्रमांक असतो आणि तो तिच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. समुद्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या 8 क्रमांकाच्या लाइनमध्ये हे वजन सुमारे साडेतेरा ग्रॅम, म्हणजे पोहे खायच्या चमच्यात शिगोशीग भरलेल्या साखरेइतके असते. वारा जास्त किंवा फ्लाय मोठी असेल, तर 9 किंवा 10 क्रमांक घेतात. एवढ्या परिभाषेवर हा सगळा लेख निभावेल.

नाव माशीचे, सोंग माशाचे

‘फ्लाय’ म्हणजे माशी. पण हे नाव नदीकाठावरून आले आहे. थंड प्रदेशातील नद्यांत ट्राउट मासा पाण्यावर बसणारे किडे खातो, म्हणून त्याच्यासाठी गळावर पिसे बांधून किड्याची नक्कल करत. समुद्रातील शिकारी मासा किड्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला बोयटाची पिल्ले, मांदेली, तारली, कोळंबी, चिंबोरी हवी असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यातील ‘माशी’ ही खरे तर माशाचे किंवा कोळंबीचे सोंग घेतलेली बाहुली असते. मराठीत मासा आणि माशी हे शब्द इतके शेजारी बसतात, की या घोटाळ्याची मला गंमतच वाटते.

ही बाहुली गळाच्या आकड्यावर दोऱ्याने बांधतात. अंगासाठी कोंबड्याची पिसे, बोकडाचे किंवा अमेरिकेत तिथल्या हरणाच्या शेपटीचे केस, कृत्रिम तंतू आणि चमकीसाठी जरीसारख्या बारीक पट्ट्या वापरतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: परदेशी पुस्तकात हरणाचे केस लिहिले आहेत म्हणून चितळ-सांबराचे केस शोधायला जाऊ नये, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे. बोकडाचे पांढरे केस आणि भुलेश्वरच्या लेस-जरीच्या दुकानांतील चमकी यांनी माझे काम आजवर अडलेले नाही.

जगभरात फ्लायचे शेकडो प्रकार असले, तरी त्यांची घराणी मोजकीच आहेत. अमेरिकेतील लेफ्टी क्रे यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातील स्ट्राइप्ड बास या माशासाठी ‘डिसीव्हर’ बांधली. लांब पिसांची शेपटी आणि भोवती केसांची कॉलर असा तिचा थाट आहे, आणि 1991 मध्ये तिथल्या टपाल खात्याने तिचे चित्र तिकिटावर छापले. बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात सस्क्वेहाना नदीसाठी बांधलेल्या फ्लायला क्रे यांनीच ‘क्लाउझर मिनो’ हे नाव दिले. तिच्या दांडीवर डंबेलच्या आकाराचे धातूचे जड डोळे बांधलेले असतात, आणि त्या वजनामुळे ती पाण्यात उलटी होते, म्हणजे आकड्याचे टोक वर राहते व ती खडकात किंवा शिंपल्यांत कमी अडकते. ओढली की ती वर उसळते, थांबली की डोके खाली करून बुडते. जखमी मासळी नेमकी अशीच वागते. यांच्या जोडीला कोळंबीची व चिंबोरीची नक्कल करणाऱ्या फ्लाय, पाण्यावर फुर्र करत जाणारी फोमची ‘गर्गलर’ आणि अंगावर पारदर्शक राळ चढवलेली ‘सर्फ कँडी’ ही मंडळी धरली, की समुद्रावरची बहुतेक पेटी भरते.

हिवाळा कोणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. परदेशी लेखांत हिवाळ्यासाठी जो सल्ला असतो तो बहुधा असा: जड लाइन घ्या, तळाशी जा, फ्लाय लहान ठेवा, आणि ती इतकी सावकाश ओढा की तुम्हालाच कंटाळा यावा. हा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या समुद्राचा आहे, एवढेच.

मासा आपल्यासारखा शरीर तापवत नाही. त्याच्या अंगाचे तापमान पाण्याइतकेच असते. पाणी गार झाले की त्याच्या शरीरातील सगळे व्यवहार मंदावतात, आणि ढोबळ हिशोब असा आहे की तापमान 10 अंशांनी उतरले तर त्यांचा वेग निम्म्यावर येतो. फ्रिजमध्ये ठेवलेले इडलीचे पीठ जसे फुगायचे थांबते, तसाच हा प्रकार आहे. न्यूयॉर्कजवळचा समुद्र ऑगस्टमध्ये 22-23 अंश सेल्सियस असतो आणि फेब्रुवारीत 3-4 अंशांपर्यंत उतरतो. या हिशोबाने तिथल्या माशाचा कारभार उन्हाळ्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून तिथला स्ट्राइप्ड बास बहुतांशी दक्षिणेकडे निघून जातो आणि मागे राहिलेला खोल, स्थिर पाण्यात पडून राहतो. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील समुद्री ट्राउट थंडीत कमी खाऱ्या फ्योर्डमध्ये शिरतो, कारण गार आणि खाऱ्या पाण्यात शरीरातील क्षारांचा तोल सांभाळणे त्याला जड जाते. फ्लोरिडातील स्नूक तर त्याहून नाजूक. जानेवारी 2010 मधील थंडीच्या लाटेत तो मोठ्या संख्येने मेला. हा स्नूक आपल्या जिताड्याचा दूरचा भाऊबंद आहे, हे पुढे उपयोगी पडेल.

मुंबईजवळ मात्र समुद्राचा पृष्ठभाग मे महिन्यात 29-30 अंश आणि जानेवारी-फेब्रुवारीत 24-25 अंशांच्या आसपास असतो. पाच अंशांचा फरक! वरच्याच हिशोबाने माशाचा वेग तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. तो सुस्तावतो, पण झोपत नाही. न्यूयॉर्कच्या माणसाच्या दृष्टीने मुंबईचा जानेवारी हा त्याच्या ऑगस्टहून उबदार असतो. मी हा धडा पैसे मोजून शिकलो. पहिल्या वर्षी ‘हिवाळ्यासाठी’ म्हणून मी थंड पाण्याची लाइन विकत घेतली आणि साडेदहाच्या उन्हात ती शेवईसारखी लुळी पडून काठीच्या कड्यांना चिकटू लागली. थंड पाण्याच्या लाइनवरील लेप मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे गारठ्यात ती ताठरू नये. उष्ण कटिबंधाच्या लाइनचा लेप कडक असतो, म्हणजे ती उन्हात वितळल्यासारखी होऊ नये. मुंबईत बाराही महिने दुसरीच लागते. विकणाऱ्याची यात काही चूक नव्हती. मागितले मीच होते.

सल्ला घ्यायचाच असेल, तर तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातून घ्यावा, असे मला वाटते. तिथे जिताडाही आहे आणि आपला रावसही आहे. त्यांना तिथे अनुक्रमे बॅरामंडी आणि ब्लू सॅमन म्हणतात. तिथला अनुभव असा की पाणी थोडे गार झाले की बॅरामंडी आळसावतो, तर ब्लू सॅमन थंडीच्या महिन्यांतच जोमाने किनाऱ्याला लागतो. मुंबईकरासाठी याचा अर्थ सरळ आहे: हिवाळ्यात मनसुबा रावसाचा धरावा, आणि जिताडा मिळाला तर तो नफा समजावा.

मग मुंबईच्या हिवाळ्यात बदलते तरी काय?

तापमानापेक्षा इतर तीन गोष्टी जास्त बदलतात, आणि फ्लायची निवड त्यांच्यावर ठरते.

पहिली गोष्ट पाण्याचा गढूळपणा. पावसाळ्यात नद्या-खाड्यांतून आलेला गाळ आणि लाटांनी उपसलेला तळ हिवाळ्यात बराचसा खाली बसतो. तरीही मुंबईचे पाणी मालदीवसारखे काचेचे होत नाही, कारण इथली भरती-ओहोटी दांडगी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी साडेतीन-चार मीटर चढते-उतरते आणि खाड्यांतला चिखल ढवळून काढते. अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी बांधव भांग म्हणतात, तो फरक दीड मीटरच्या आसपास येतो आणि पाणी निवळते. म्हणून डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशासाठी भांगाचे दिवस बरे. वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावरील जुना आडाखा आजही पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. मोबाइलमध्ये मिनिटांसकट तक्ता मिळतो हे मला माहीत आहे, पण पाऊणपट डोक्यात असली की दिनदर्शिकेकडे पाहून रविवार ठरवता येतो.

दुसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा वाहतो. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्याच्या तो पाठीवर असतो आणि लाइन पुढे नेण्यास मदत करतो. दुपारी वायव्येचा वारा सुटतो. तो समोरून आणि उजवीकडून येतो, म्हणजे उजव्या हाताने टाकणाऱ्याची फ्लाय तोच वारा त्याच्याच कानाकडे ढकलतो. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय दुपारी फ्लाय टाकू नये. हा सल्ला मला आकडा मानेत रुतल्यावर सुचला.

तिसरी गोष्ट खाद्य. मासा काय खातो हे पाहायचे असेल, तर परदेशी तक्त्यांपेक्षा सकाळी कोळीवाड्यात सुकायला पसरलेली मासळी पाहणे अधिक फलदायी आहे. जवळा, करंदी, सोनेरी मांदेली यांतले जे पसरलेले दिसते तेच किनाऱ्याजवळ फिरत असण्याचा संभव मोठा. वेसाव्याच्या एका वयस्क कोळी काकांना मी माझी पोपटी-पांढरी फ्लाय कौतुकाने दाखवली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट पाहून ‘ही कुठली मासळी?’ एवढेच विचारले. उत्तर मला देता आले नाही. घरी येऊन मी सोनेरी चमकीची आणि फिकट पोटाची, बोटाएवढी फ्लाय बांधली.

निवडीचा क्रम: रंग सर्वांत शेवटी

नवखा माणूस पेटी उघडतो आणि रंगापासून सुरुवात करतो, जसे साडीच्या दुकानात होते. फ्लायच्या बाबतीत पहिला प्रश्न खोलीचा असला पाहिजे, कारण फ्लाय माशाच्या नजरेच्या टप्प्यातच पोहोचली नाही तर तिचा रंग कोणासाठी? खोली दोन गोष्टींनी साधते: लाइन आणि फ्लायच्या अंगातील वजन. तरंगणारी लाइन पाण्यावर राहते. संथ बुडणारी लाइन सेकंदाला सुमारे चार सेंटिमीटर खाली जाते. जलद बुडणारी पंधराच्या आसपास. म्हणजे एक मीटर खोली गाठायला संथ लाइनला पंचवीस सेकंद लागतात, तर जलद लाइनला सात. फ्लाय पडल्यावर मनात अंक मोजावेत. तळाला लागली की पुढच्या वेळी दोन अंक कमी. मुंबईच्या पुळणीवर आणि खाडीच्या मुखाशी संथ बुडणारी लाइन आणि मध्यम वजनाची क्लाउझर ही माझी हिवाळ्यातील पहिली जोडी आहे. खडकांवर मात्र तरंगणारी लाइन आणि हलकी फ्लाय बरी. तिथे तळ शोधायला गेलेली प्रत्येक फ्लाय परत येतेच असे नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. इथे एक विचित्र पद्धत लक्षात ठेवावी लागते: आकड्याचा क्रमांक जितका मोठा तितका आकडा लहान, तारेच्या गेजसारखे, आणि 1 च्या पुढे मोठे आकडे 1/0, 2/0 असे चढत जातात. रावसासाठी 2 ते 1/0 आणि बोटाएवढ्या, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरच्या फ्लाय पुरतात. थंड देशांत हिवाळ्यात फ्लाय लहान करतात, कारण तिथे मोठे खाद्य उरलेलेच नसते किंवा सुस्त मासा त्यामागे धावत नाही. आपल्याकडे माप पाण्यातील मासळीने ठरवावे, ऋतूने नव्हे.

तिसरा प्रश्न देहाचा आणि चालीचा, आणि हिवाळ्यातला खरा कस इथे लागतो. फ्लाय पाण्यात पडल्यावर डाव्या हाताने लाइन टप्प्याटप्प्याने ओढायची असते. त्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात. ढील आणि खेच यांचा ताल पतंग उडवणाऱ्याला सांगावा लागत नाही. पाणी जितके गार तितकी ढील जास्त, हे तत्त्व आपल्यालाही लागू आहे, फक्त कमी प्रमाणात. पण हळू ओढायचे म्हटले की ताठ कृत्रिम तंतूंची फ्लाय काडीसारखी निर्जीव दिसते. सावकाश चालीत ज्या वस्तू आपोआप हलतात, म्हणजे मऊ पिसे, सशाच्या कातडीची पट्टी, मऊ केस, त्याच जिवंत वाटतात. याउलट भर भरतीच्या प्रवाहात, जिथे पाणीच फ्लायला हलवते, तिथे ताठ तंतू आपला आकार राखतात आणि आकड्याभोवती गुंडाळत नाहीत. एकाच दिवशी, एकाच जागी, भरतीच्या जोरात एक आणि पाणी थबकल्यावर दुसरी फ्लाय लावावी लागते ती यामुळे.

देहाबद्दल आणखी एक. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाची संवेदनशील रांग असते, जिने त्याला पाण्यातील थरथर कळते. गर्दीच्या लोकलमध्ये डोळे मिटूनही मागून कोणी सरकले हे जसे पाठीला कळते, तसे. रावसाला त्यावर आणखी एक देणगी आहे: त्याच्या छातीच्या पराखाली चार सुटे तंतू असतात, ज्यांनी तो गढूळ पाण्यात चाचपडत खाद्य शोधतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘टेट्राडॅक्टायलम’ म्हणजे चार बोटांचा, तो यावरूनच. अशा माशासाठी गढूळ पाण्यात भरघोस डोक्याची, पाणी ढकलत जाणारी फ्लाय सडपातळ फ्लायपेक्षा सरस ठरते. भांगाच्या निवळ पाण्यात मात्र तीच भरघोस फ्लाय संशयास्पद दिसते आणि सर्फ कँडीसारखे पारदर्शक, बारीक अंग बाजी मारते.

आणि आता रंग. स्वच्छ समुद्रात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. पण गाळ आणि शेवाळकण असलेल्या किनारी पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो आणि पिवळसर हिरवा सर्वांत खोल पोहोचतो. पोपटी-पांढऱ्या फ्लायचा जगभर जो बोलबाला आहे, त्यामागे अंधश्रद्धा नाही. पहाटे आणि संध्याकाळी मासा खालून वर पाहतो तेव्हा त्याला उजळ आकाशासमोर फक्त आकृती दिसते; तेव्हा काळी किंवा गडद जांभळी फ्लाय अधिक ठसठशीत उठते. एवढे दोन रंग आणि मांदेलीसाठी एक सोनेरी असले, की बाकीची इंद्रधनुष्ये दुकानदाराच्या सोयीची.

काही रास्त शंका

‘जिवंत कोळंबी लावली तर यापेक्षा जास्त मासे मिळतील ना?’ मिळतील, आणि उधाणाच्या गढूळ पाण्यात तर नक्कीच मिळतील, कारण कोळंबीला वास असतो आणि पिसांना नसतो. ज्याला रात्रीच्या कालवणाची निकड आहे त्याने फ्लायच्या वाटेला जाऊ नये, बाजारात जावे. जिथे मासळी बारीक असते आणि मासा तिच्यामागे पाण्याच्या वरच्या थरात असतो, तिथे मात्र वजनदार गळापेक्षा अलगद पडणारी फ्लाय खरोखर उजवी असते.

‘हा श्रीमंतांचा खेळ आहे का?’ काठी, रीळ आणि लाइन बहुधा आयात केलेली असल्यामुळे सुरुवातीचा खर्च नेहमीच्या गळापेक्षा जास्त येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसा काठीपेक्षा लाइनवर घालावा, आणि फ्लाय स्वतः बांधाव्यात. रीळ, काठी आणि आकडे प्रत्येक वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतले नाहीत, तर मुंबईची खारी हवा महिन्याभरात सगळ्याचे भंगार करते. ही बचत फुकटची आहे.

‘मासा पकडून सोडून द्यायचा, तर त्याला छळायचे कशाला?’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर आहे असा माझा दावा नाही. खायला एखादा मासा नेणे मला गैर वाटत नाही. गळाने धरलेल्या माशाची निवड करता येते, जाळ्यातील माशाची तेवढी करता येत नाही. पण कोणता न्यायचा, याला शास्त्र आहे. रावस आणि जिताडा हे दोघेही आधी नर म्हणून वयात येतात आणि वाढल्यावर मादी होतात. म्हणजे अंगणात मिरवण्याजोगा जो मोठा मासा, ती बहुधा अंड्यांनी पुढची पिढी देणारी मादी असते. मधल्या मापाचा एखादा न्यावा, मोठी सोडावी. सोडायचीच असेल, तर आकड्याचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट केलेला असावा, हात ओले असावेत आणि मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये. फोटोसाठी तो जितका वेळ हवेत राहतो, तितकी त्याच्या जगण्याची शक्यता घटते.

‘कुठेही उभे राहून टाकता येते का?’ नाही. बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीत जाऊ नये. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, तिथे परवानगी गृहीत धरू नये. कांदळवने संरक्षित आहेत. लाइन मागे न्यायला अडचण होते म्हणून फांदी तोडणे हा गुन्हा आहे. कोळ्यांच्या डोल जाळ्यांजवळ आणि होड्यांच्या वाटेवर लाइन टाकणे तर कायद्याच्या आधी शिष्टाचारातच बसत नाही. त्यांची ती रोजीरोटी आहे आणि आपला रविवार.

खडकांवर जाताना मात्र पाऊणपटीचा हिशोब दुसऱ्या अंगानेही करावा. पूर्ण ओहोटीनंतरचा पहिला तास पाणी जेमतेम चढते, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने वाढते, आणि मागच्या बाजूची घळ आधी भरते. मी ओहोटी पुरी होण्याच्या दोन तास आधी उतरतो आणि पाणी फिरल्यावर दीड तासाने, मासा लागत असला तरीही, लाइन गुंडाळतो. गेल्या पौषात अशाच वेळी, परतण्यासाठी शेवटची फेक म्हणून टाकलेल्या सोनेरी फ्लायला हातभर लांबीचा रावस लागला होता. त्याला सोडवताना पाणी गुडघ्यापर्यंत आले होते, आणि पुढच्या वेळेपासून मी शेवटची फेक पाव तास आधी टाकतो.